आधी लघवीची पिशवी रिकामी होतेय का ते बघ, गोळीचं नंतर

पत्र असं आहे, थोडं छोटं करून देतेय:

"ताई, मी ३६ वर्षांची आहे, मला मल्टिपल स्क्लेरोसिस आहे. पाय जड पडतात पण चालते, नोकरीही करते. वर्षभरापासून लघवीचा त्रास सुरू झालाय. लागली की लागलीच, टॉयलेटपर्यंत पोचेपर्यंत थोडी सुटलेली असते. जाऊन आले तरी दहा मिनिटांत परत जावंसं वाटतं. रात्री तीन-चार वेळा उठते. ऑफिसच्या दिवशी सकाळपासून पाणीच पीत नाही आणि पाळीचे पॅड लावून जाते. नवऱ्याला माहीत नाही. डॉक्टर पुरुष आहेत, त्यांच्यापुढे विषय काढायला लाज वाटते. आमच्या काकांना सारखी लघवी लागते म्हणून सॉलिफेनासिन चालू आहे, तीच घेऊन बघू का? आणि हे आता असंच वाढत जाणार का?"

तू ताई म्हटलंस म्हणून मी पण सरळ तू म्हणतेय. आधी गोळीचं बोलू कारण ते आजच थांबायला हवं. काकांची गोळी घेऊ नकोस. गोळी वाईट आहे असं अजिबात नाही, उद्या तुझे डॉक्टर तुला तीच लिहून देतीलही, पण आज नको, आणि का नको ते तुझ्याच पत्रातल्या एका ओळीत आहे जी तू बहुतेक सहज लिहून गेलीस. जाऊन आले तरी दहा मिनिटांत परत जावंसं वाटतं, ही ती ओळ.

लघवी सुटते म्हटलं की सगळे धरून चालतात की पिशवी कमजोर झाली, धरवत नाही. पण नसांच्या आजारात दोन वेगवेगळ्या गोष्टी बिघडतात आणि बाहेरून दोन्ही सारख्याच दिसतात. पिशवी म्हणजे मूत्राशय, ते स्नायूचं असतं आणि त्याच्या तोंडाशी एक झडपेसारखा स्नायू असतो. भरत असताना पिशवी सैल आणि झडप घट्ट, रिकामी करताना बरोबर उलटं. साधारण ४०० ते ५०० मिली मावतं, दीडशे-दोनशेला पहिली जाणीव होते, तो निरोप पाठीच्या कण्यातून मेंदूत जातो आणि मेंदू म्हणतो थांब, आत्ता नको. एमएस म्हणजे तुझा मल्टिपल स्क्लेरोसिस, मेंदू आणि कण्यातल्या नसांचा आजार, त्यात या रस्त्यावरच कुठेतरी खराबी होते. मग एक तर मेंदूचं "थांब" खाली पोचत नाही आणि थोडी भरली तरी पिशवी आपणहून आवळते, किंवा पिशवी आवळते त्याच क्षणी झडपही आवळते, दोघांचं भांडण, आणि लघवी अर्धीच होते, बाकीची आत राहते. बऱ्याच जणांना दोन्ही एकत्र असतं. तुझ्या बाबतीत मला त्या दुसऱ्या प्रकाराची शंका येतेय. आत शिल्लक राहिली की पिशवी लगेच परत भरते, म्हणून दहा मिनिटांत परत.

आता सॉलिफेनासिन काय करते तर पिशवीच्या स्नायूला सैल करते. ज्याची पिशवी उगाच आवळते त्याला छान. पण जिची आधीच पूर्ण रिकामी होत नाही तिची आणखीनच होणार नाही, लघवी साचत जाईल, मग भरलेल्या ड्रमवरून पाणी वाहावं तशी थेंब थेंब गळत राहील आणि तुला वाटेल गोळी लागू पडली नाही, डोस वाढवू. हे असंच होतं, म्हणून इतकं लांबवून सांगितलं.

त्यामुळे पहिली तपासणी एकच मागून घे. लघवी करून आल्यावर लगेच सोनोग्राफी, आत किती शिल्लक आहे ते बघायला. दुखत नाही, टोचत नाही, पाच मिनिटांचं काम आहे, काही ठिकाणी छोटं ब्लॅडर स्कॅनर असतं तेही चालतं. १०० मिलीच्या वर शिल्लक राहत असेल तर एमएसवाल्यांमध्ये बरेच डॉक्टर आधी पिशवी रिकामी करायची सोय बघतात आणि मग गोळीचं. त्याच वेळी लघवीची साधी तपासणी आणि कल्चर, म्हणजे लघवीत जंतू वाढतात का ते बघायची तपासणी. कारण इन्फेक्शन असेल तर नुसती लघवीच नाही, एमएसची जुनी लक्षणंसुद्धा उसळतात, पाय जास्त जड, थकवा, आणि माणूस समजतो नवा अटॅक आला. इन्फेक्शन गेलं की तेही उतरतं. म्हणूनच अटॅकसाठी स्टिरॉइड द्यायच्या आधी चांगले डॉक्टर लघवी तपासून घेतात.

अजून एक, तुझ्या सध्याच्या सगळ्या गोळ्यांची यादी सोबत ने. नसांच्या दुखण्यासाठी अमिट्रिप्टिलिन पुष्कळांना चालू असते, ती लघवी अडवू शकते. तुला आहे की नाही ते तू लिहिलं नाहीस.

आणि डॉक्टरांकडे जायच्या आधी तीन दिवस लिहून काढ. किती वाजता गेलीस, किती झाली (जुना मापाचा मग टॉयलेटमध्ये ठेव, त्यात लाज कसली), कधी सुटली, कधी काय प्यायलीस. तीनही दिवस सुट्टीचे नकोत, एखादा ऑफिसचा असू दे कारण खरी गडबड तिथेच आहे. हे कंटाळवाणं काम आहे मान्य, पण दर वेळी ८०-१०० मिलीच होतेय की ३५० होतेय यावरून डॉक्टरला जेवढं कळतं तेवढं तुझ्या "सारखी सारखी जाते" वरून नाही कळत. दिवसाला सात-आठ वेळा आणि रात्री एखाद वेळ हे नॉर्मलमध्येच येतं, म्हणजे मोजल्यावर कदाचित तुला वाटतंय तेवढं वाईट निघणारही नाही. किंवा जास्त निघेल. पण निदान कळेल.

आता पाण्याबद्दल. मला माहितीये हे ऐकायला तुला आवडणार नाही, पण पाणी बंद करणं हा या सगळ्यातला सगळ्यात महाग पडणारा उपाय आहे. कमी प्यायलं की लघवी गडद होते, पिशवीला टोचते आणि ती लवकर आवळते, म्हणजे ज्यासाठी पाणी सोडलं तेच वाढतं. वर इन्फेक्शन, खडे, आणि बद्धकोष्ठ. बद्धकोष्ठाकडे कोणी बघत नाही पण भरलेलं आतडं पिशवीला चिकटूनच असतं, ते तिच्यावर दाबतं, आणि कधी कधी नुसतं पोट साफ व्हायला लागलं की लघवीचं अर्धं दुखणं कमी होतं. तर दिवसभरात दीड ते दोन लिटर, थोडं थोडं करून, एका दमात बाटली रिकामी करायची नाही. झोपायच्या दोन-तीन तास आधी हात आखडता घे. किडनी किंवा हार्टसाठी कोणी पाण्यावर बंधन घातलं असेल तर अर्थात ते पाळ. कॉफी, कडक चहा, सोडावाली ड्रिंक्स, दारू, ही पिशवीला चिडवतात, पण सगळ्यांना सारखी नाही, एकेक आठवडाभर बंद करून बघ, फरक पडला नाही तर उगाच कशाला सोडायचं.

तपासणी होईपर्यंत घरी काय करता येईल ते सांगते, यातलं काही धोक्याचं नाही.

लघवी लागायची वाट बघू नकोस, घड्याळावर जा. दर दोन तासांनी, लागो न लागो. पिशवी काठापर्यंत भरूच द्यायची नाही, मग ती घाईची लाट येण्याआधीच काम झालेलं असतं. ऑफिसमध्ये फोनला व्हायब्रेशन लावून ठेव, कोणाला कळत नाही.

बसल्यावर नीट बस. बाहेरच्या टॉयलेटमध्ये सीटला अंग लागू नये म्हणून अर्धवट उभं राहून करतो ना आपण बायका, त्यात मांड्या आणि खालचे सगळे स्नायू ताणलेले असतात आणि पिशवी पूर्ण रिकामी होतच नाही. सीट पुसून घे, कागद टाक, पण टेकून बस, पाय जमिनीला लागू देत. झाल्यावर लगेच उठू नकोस. मिनिट-दोन मिनिटं थांब, पुढे वाक, एकदा उभी राहून परत बस आणि परत प्रयत्न कर. याने दुसऱ्यांदा बऱ्यापैकी निघते. पोट दाबून किंवा जोर लावून काढायची नाही, कोणी कितीही सांगितलं तरी, कारण झडप बंद असताना वरून दाबलं तर तो दाब उलटा किडनीकडे जाऊ शकतो.

आणि ती लाट आली की पळू नकोस. हे मी अगदी हात जोडून सांगतेय कारण न्यूरो रिहॅबमध्ये नर्स म्हणून काम करताना लघवीच्या घाईत पडलेली माणसं मी खूप बघितली, हाडं मोडून बसतात. लागली की जिथे आहेस तिथे थांब, शक्य असेल तर बस, आणि खालचे स्नायू, म्हणजे जे आवळून आपण लघवी किंवा गॅस रोखतो ते, पटपट पाच-सहा वेळा आवळून सोड. ते आवळले की पिशवीला उलटा निरोप जातो आणि ती जरा शांत होते. लाट ओसरली की मग चालत जा. पहिल्या दिवशी नाही जमणार. सवयीने जमतं.

हेच स्नायू रोज व्यायाम म्हणून पण करायचे असतात, आठेक वेळा आवळणं, प्रत्येक वेळी काही सेकंद धरून मग तेवढाच वेळ पूर्ण सैल, असं दिवसातून तीनदा, आणि किमान तीन महिने, त्याआधी फरक मागू नकोस. पण हे एकदा फिजिओकडून शिकून घे, पेल्विक फ्लोअरचं, म्हणजे याच खालच्या स्नायूंचं, काम करणारी फिजिओ शोध, कारण एमएसमध्ये काही जणींचे स्नायू ढिले नसतात, उलट सोडताच येत नाहीत, तिथे आवळण्यापेक्षा सैल करायला शिकायचं असतं. चालू लघवी मध्येच थांबवून व्यायाम करायचा, असं कुठेतरी वाचलं असशील, ते करू नकोस, पूर्ण रिकामी न व्हायची सवय लागते.

पाळीचे पॅड बंद कर. ते रक्तासाठी असतात, रक्त हळू येतं, लघवी एकदम येते आणि ती ते धरत नाहीत, ओल कातडीला लागून राहते. लघवीसाठीचे वेगळे पॅड मिळतात, पातळ असतात, वास पण धरून ठेवतात, पँटसारखे घालायचे पण असतात. ओलं झालं की बदल, कोमट पाण्याने धू, घासू नकोस, टिपून कोरडं कर, आणि लाल व्हायला लागलं तर झिंक ऑक्साइडसारखं क्रीम पातळ लाव, जाड थर दिला की पॅड शोषत नाही. पॅड लावणं म्हणजे हरणं वगैरे काही नाही, खुशाल लाव, फक्त त्याच्या भरवशावर तपासणी पुढे ढकलू नकोस एवढंच.

समज तपासणीत निघालं की पिशवी नीट रिकामी होतेय, फक्त उगाच आवळतेय. मग गोळ्या आहेत. सॉलिफेनासिन, टॉल्टेरोडिन, ऑक्सिब्युटिनिन हा एक गट, त्यात तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठ होतं, आणि वयस्कर लोकांमध्ये किंवा ज्यांना विसरायला होतं त्यांच्यात डोकं धूसर होऊ शकतं, एमएसमध्ये आधीच ती तक्रार असेल तर डॉक्टरला सांग. मिराबेग्रॉन वेगळ्या प्रकारची आहे, त्यात तोंड कोरडं पडत नाही फारसं, पण बीपीवर लक्ष ठेवावं लागतं. गोळ्या चालल्या नाहीत तर पिशवीच्या स्नायूत दुर्बिणीतून बोटॉक्सची इंजेक्शनं देतात, हो तेच सुरकुत्यांचं, अमेरिकेच्या एफडीएने एमएस आणि मणक्याच्या दुखापतीतल्या ब्लॅडरसाठी ते २०११ मध्येच मान्य केलंय. काही महिने टिकतं, मग परत घ्यावं लागतं, आणि त्यानंतर काहींना कॅथेटर, म्हणजे लघवी काढायची नळी, वापरायची वेळ येते हे आधी माहीत असलेलं बरं. घोट्याजवळच्या नसेला सुईतून हलका करंट देण्याचीही ट्रीटमेंट आहे, आठवड्यातून एकदा अर्धा तास, बारा आठवडे.

आणि शिल्लक राहतेय असं निघालं तर बहुधा कॅथेटरचं नाव काढतील. इथे घाबरू नकोस प्लीज. तुझ्या डोळ्यासमोर पलंगाला लटकलेली पिशवी आली असेल. ते वेगळं. हे म्हणजे पेनापेक्षाही बारीक नळी, आपली आपण घालायची, लघवी काढायची, नळी काढून टाकायची, मोकळं. कोणाला दिवसातून एकदा लागतं, कोणाला चार ते सहा वेळा. पूर्वी वाटायचं हे फक्त निर्जंतुक हातमोजे वगैरे घालूनच करता येतं. मग १९७२ मध्ये मिशिगनच्या जॅक लॅपिडिस नावाच्या युरोलॉजिस्टने दाखवून दिलं की स्वच्छ धुतलेले हात पुरतात, कारण इन्फेक्शनचं मोठं कारण आत साचून ताणलेली पिशवी हे आहे. त्या एका गोष्टीने कितीतरी लोकांच्या किडन्या वाचल्या. शिकायला दोन-चार दिवस जातात, सुरुवातीला आरसा लागतो, रडू पण येतं काहींना, आणि नंतर त्याच म्हणतात आधी का नाही केलं, रात्रभर झोप लागते. हातात कंप किंवा बधिरपणा असेल तर तसं सांग, त्यासाठी वेगळ्या पकडीचे येतात. एक लक्षात ठेव, कॅथेटर वापरणाऱ्यांच्या लघवीत जंतू सापडणं नेहमीचंच आहे, ताप नाही, त्रास नाही, तर रिपोर्ट बघून अँटिबायोटिक घ्यायची नसते.

रात्रीचं. संध्याकाळी पाय सुजतात का बघ, सूज असेल तर दिवसभर पायात साठलेलं पाणी तू आडवी झालीस की परत फिरतं आणि त्याची लघवी होते, म्हणून संध्याकाळच्या आधी तासभर पाय वर करून पड. बेड ते टॉयलेट रस्त्यात लाइट असू दे, वायरी-पायपुसणी उचलून टाक. नाडीची सलवार आणि बटणांच्या जीन्सपेक्षा इलॅस्टिक बरं, शेवटचे ते दहा सेकंदच घात करतात. रात्रीची लघवी कमी करायला डेस्मोप्रेसिन नावाचं औषध देतात पण त्यात रक्तातलं सोडियम उतरू शकतं, ते रक्त तपासत तपासतच घ्यायचं असतं, ऑनलाइन मागवायचं नसतं.

थांबायचं नाही, लगेच दाखवायचं असं कधी, तर लघवी एकदम अडकली आणि पोट दुखतंय, थंडी वाजून ताप आणि कमरेच्या बाजूला दुखणं, लघवीत रक्त, किंवा दोन पायांच्या मधल्या भागात अचानक बधिरपणा आणि पायातली ताकद गेली. हे शेवटचं तर त्याच तासाला. आणि हे वाचणाऱ्यांत कोणाला छातीच्या सहाव्या मणक्यापाशी किंवा त्याच्या वर कण्याला दुखापत असेल तर अचानक ठणकणारं डोकं, चेहऱ्यावर घाम, बीपी चढलेलं असं झालं तर आधी उठून बसा आणि कॅथेटर कुठे मुडपलाय का ते बघा, भरलेल्या पिशवीने हे होतं आणि जिवावर बेतू शकतं.

वाढतच जाणार का विचारलंस. एमएसमध्ये लघवीचा त्रास कधी ना कधी बहुतेकांना होतो, ८० टक्क्यांचा आकडा नेहमी दिला जातो. पायाच्या आणि पिशवीच्या तारा एकाच कण्यातून खाली जातात त्यामुळे जड पाय आणि हे जोडीनेच येतात, तुझं काही वेगळं घडलेलं नाही. आजार पुढे कसा जाईल ते मी नाही सांगू शकत, पण लघवी सुटणं हे त्याचं मीटर नाही. इन्फेक्शन, बद्धकोष्ठ, एखादी गोळी, यातलं काहीही ते वाढवतं आणि ते काढलं की कमी होतं, आणि उरलेल्यावर वर सांगितले तेवढे उपाय आहेत. वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी आणि क्रिएटिनिन (किडनीच्या कामाची रक्ततपासणी) करून घ्यायचं का ते मात्र डॉक्टरांना विचार.

नवऱ्याला सांग. रात्री तीन-चारदा उठतेस ते त्यालाही जाणवत असणारच आणि त्याने स्वतःच्या मनाने काहीतरी अर्थ लावला असेल. सगळं नको सांगू, "एमएसमुळे लघवीवर कंट्रोल कमी झालाय, तपासायला जायचंय, सोबत ये" एवढं पुरे. जवळीक करताना सुटेल ही भीती असेल, तू लिहिलं नाहीस पण असते, तर आधी जाऊन रिकामी करून ये आणि खाली टॉवेल टाक, इतकं साधं आहे ते.

डॉक्टरांपुढे तोंड उघडत नसेल तर उघडू नकोस, कागद पुढे कर. मी लिहून देते, तसाच उतरव: "वर्षभरापासून लघवीची घाई होते आणि सुटते. करून आल्यावर दहा मिनिटांत परत लागते. रात्री तीन-चारदा उठते. आत शिल्लक राहते का ते तपासायचं आहे. तीन दिवसांची नोंद आणि चालू गोळ्यांची यादी जोडली आहे." त्यांच्याकडे नर्स असेल तर आधी तिच्या हातात दे. न्यूरोलॉजिस्ट म्हणाले हे माझं नाही, तर युरोलॉजिस्टकडे चिठ्ठी माग, आणि ती घेतल्याशिवाय उठू नकोस.